राखलेलं बीळ

भागीला कोणी विचारलं की तुझा जन्म कुठला, तर ती सांगते, "कोळशाच्या भट्टीवरचा." साल-तारीख तिला ठाऊक नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलेलंही नाही. आईबापामागे भट्ट्या फिरली, लग्न होऊन रोह्याजवळच्या कातकरवाडीत आली, आता लोकांच्या शेतात लावणी-कापणी करते. नवरा रमेश ठेकेदाराकडून कंपनीत शिफ्टला जातो. भात कापून झालं की झोडणी लागेपर्यंत मात्र भागी कुणाची मजूर नसते. कुदळ घेऊन बांधावर जाते, बिळाच्या तोंडाशी पेंढ्याचा धूर करते, उंदीर धरते आणि त्यांनी आत साठवलेल्या लोंब्या काढते. त्या भातावर आणि त्या मटणावर ती वाढली, तिची पोरगीही वाढली.

पोरगी म्हणजे करिश्मा. पेणकडच्या आश्रमशाळेत सातवीला. वाडीतून एवढं शिकलेली पहिलीच पोर. दिवाळीची सुट्टी संपली आणि तिने जाहीर केलं, "आये, मी शालेत नाय जानार."

"का गो?"

"पोरी उंदीरखाऊ म्हनतात. माझ्या अंगाला वास येतो म्हनतात."

भागी एरवी फटकळ, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण शेतमालकीण शकूवहिनी डब्याचं विचारायच्या तेव्हा तीही "मासली हाय" असंच सांगायची ना! मग पोरीला कुठल्या तोंडाने समजावणार? तरी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. पोर हलेना. शेवटी तिची पेटी परत आणायला भागी एकटीच शाळेत गेली.

भाग्यश्रीबाईंचा तास चालू होता. भागी दाराशी टेकली.

"आभाळातून डोंगराएवढा धोंडा पडला," बाई सांगत होत्या. "त्याच सुमाराला आपल्या या भागात जमीन फाटून लाव्हा वाहत होता. आपले हे काळे डोंगर त्याचेच. धुरळ्याने सूर्य झाकला, थंडी पडली, झाडं वाळली आणि ते थोरले डायनासोर उपासमारीने मेले. मग वाचलं कोण? ज्यांचं थोडक्यात भागत होतं ते. उंदरासारखे बारके जीव, बिळात लपणारे, बी, मुळं, किडे, मिळेल ते खाणारे. पुढे धुरळा बसला, ऊन आलं. राखेत आधी नेचे उगवले. मग हवा तापली, रानं माजली, आणि त्या मोकळ्या रानात बारक्यांचा वंश पसरला. वाघ, गाय, माणूस, सगळे त्यांच्याच पोटचे. डायनासोरांच्या गोतातलं उरलं ते पाखरू. आपली कोंबडीसुद्धा."

भागीला राहवलं नाही. "बाई, त्यांच्या बिलात दानं व्हतं का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "ते कुणालाच ठाऊक नाही, भागीताई. असेलही."

भागी पेटी न घेताच परतली. एसटीत तिला रडू आलं. ज्याचं नाव जन्मभर लपवलं, त्याचे आपल्यावर केवढे उपकार! उन्हाळ्याआधी घरात दाणा नसायचा तेव्हा उंदराचाच दाणा पुरायचा. आणि आता कळलं, त्याच्यासारख्याच कुणी तग धरला म्हणून आपण आहोत.

सकाळी तिने करिश्माला बांधावर नेलं आणि खणता खणता सगळं आपल्या भाषेत सांगितलं. शेवटच्या बिळात पिल्लं लागली. भागीने मूठभर लोंब्या परत आत ठेवल्या, सैल माती ओढून बीळ झाकलं आणि हात जोडले. तिच्या आईची ती रीत होती. पिल्लांचं बीळ राखायचं.

करिश्मा बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्या पोरी कोंबरी खातात ती..."

"ती थोरल्यांच्या घरची!" दोघी पोट धरधरून हसल्या.

सोमवारी भागी तिला एसटीला पोचवायला गेली. गाडी आली तशी तिने विचारलं, "पोरी परत बोलल्या तर गो?"

"सांगीन, व्हय, खातो. पन एक बील राखतो." करिश्मा मागे न बघता गाडीत चढली.

त्या दुपारी भागी भाताच्या झोडणीला होती. जेवायला बसल्यावर शकूवहिनींनी नेहमीसारखं विचारलं, "काय गो भागी, आज डब्यात मासलीच काय?"

भागीने झाकण काढून डबा मधे सरकवला.

"नाय वयनी, उंदीर हाय. आन भात पन त्याचाच."