दोरी लावून रोवलेल्या खुंट्या

कारखान्यात तिला सगळे करंटबाई म्हणत. कारखान्याचा गाळ साठवणाऱ्या तलावाला मातीचा बांध होता आणि त्या बांधावर तिने पोलादी खुंट्या ठोकल्या होत्या. दर आठवड्याला त्यांतून वीज सोडायची. ओली माती वीज चटकन जाऊ देते, कोरडी अडवून धरते. एका मोजणीवरून फारसं कळत नाही. आजची मोजणी मागच्या मोजणीशेजारी ठेवली, की बांधाच्या पोटात पाणी कुठे सरकतंय ते दिसतं. अट एकच, खुंटी जागची हलता कामा नये. एवढ्यासाठी ती गवत कापणाऱ्यांशी सवतीसारखी भांडायची.

हिवाळ्यापासून बांधात एक ओला डाग वाढत चालला होता, पायथ्याच्या वस्तीच्या दिशेने. तो असाच पसरला, तर बांध फुटायची भीती. त्या वस्तीत तिची धाकटी बहीण राहायची.

रजेवरून ती परतली, तर बांधावर हिरवळ अंथरलेली. पाहुणे येणार म्हणून खुंट्या उपटून, रंगवून पुन्हा रोवलेल्या.

“दोरी लावून रोवल्या, बाई,” माळी कौतुकाने म्हणाला. “आधी कशा वेड्यावाकड्या होत्या.”

त्याच्यावर ओरडून काय उपयोग? हुकूम वरून आला होता. ती तडक मॅनेजरच्या खोलीत शिरली.

“एवढं काय आभाळ कोसळलं?” तो चहा ढवळत म्हणाला. “आजची मोजणी पहिली धरा. पुढची तुलना तिच्याशी.”

“म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला आजपासून ठणठणीत म्हणायचं?”

“खुंटी हलली की जुनी मोजणी जुळत नाही, हा तुमचाच नियम ना? मग डाग वाढतोय कशावरून?”

तिच्याच काठीने त्याने तिला झोडपलं होतं.

“खोदून बघा.”

“पाहुण्यांसमोर? नवीन हिरवळ उखडून?”

ती निघाली ती थेट वस्तीत.

बहीण दारात कपडे वाळत घालत होती. “काय गं ताई, कुणाला खाऊन आलीस?”

“सामान आवर. माझ्याकडे चल.”

“का? मोजणी वाईट आली?”

“छान येणार आहे. तसं ठरलंय त्यांचं.” तिने दोरीवरचे ओले कपडे ओढून पिशवीत कोंबले.

बहिणीचं हसू मावळलं. “आणि हे असं सांगत फिरलीस, तर नोकरी राहील तुझी?”

“चुलीत गेली नोकरी. शेजारणीला हाक मार.”