रेवाच्या वर्गातल्या आत्या

आमच्या वन्संशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस चिक्कडपल्लीत सापडलाच, तर तो कालच सामान घेऊन उतरलेला असणार. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कोठी बाजारातल्या एका दुकानात उभं आयुष्य शाळेची पुस्तकं विकली आणि गिऱ्हाइकांना "हे घेऊ नका, यात चुका आहेत" असं सांगून मालकाला छळलं. मी पुण्याची, त्यामुळे आपल्याला फटकळ माणसांची सवय आहे असं समजत होते. वन्संनी पहिल्याच आठवड्यात तो गैरसमज दूर केला. भाजीवाल्याशी तेलुगूत, रिक्षावाल्याशी दख्खनीत आणि माझ्याशी मराठीत, अशी त्यांच्या भांडणांची नीट वाटणी होती. राग फारच चढला की तिन्ही भाषा एका वाक्यात.

या वन्सं माझ्या लेकीच्या, रेवाच्या, मदतनीस म्हणून शाळेत जाऊ लागल्या. रेवाचे पाय आणि जीभ दोन्ही सावकाश चालतात; डोकं मात्र भरधाव. फाटकावर 'सर्वांसाठी शाळा' असं रंगवलेल्या शाळेने आम्हाला सांगितलं, मदतनीस तुम्हीच आणा, नाहीतर प्रवेश नाही. मुख्याध्यापिकांनी वन्संना विचारलं, "मुलीला काय काय जमत नाही?" वन्सं म्हणाल्या, "ते राहू द्या. तुम्हाला काय काय जमत नाही ते पहिले बोला."

मदतनीस असून त्या कशातच मदत करत नसत. रेवाचा वॉकर बाकात अडकला की पोरं धावत. त्यांना "नक्को, तिला काढू द्या" म्हणून हाकलत. रेवाचं उत्तर तोंडातून बाहेर पडेपर्यंत सगळ्या वर्गाला ताटकळत ठेवत. विज्ञानाच्या तासाला घोरत, इतिहासाच्या तासाला पोरांच्या आधी हात वर करत. वर्गाच्या बाई रेवाकडे न बघता "हिला समजलं का?" असं त्यांनाच विचारत, तेव्हा त्या तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळत. "मेरेकू कैकू पूछते? ती बसलीय ना समोर!" एकदा रेवाने गृहपाठ केला नव्हता. बाई "राहू दे गं बाळा" म्हणाल्या, तर वन्संनी हट्टाने तिला बाकीच्या चुकार पोरांबरोबर वर्गाबाहेर उभं करायला लावलं. त्या दिवशी रेवा घरी आली ती केवढ्या ऐटीत! पोरं वन्संना आत्या म्हणत. पुढे बाईही म्हणू लागल्या, आणि ते वरच्यांना खटकलं असावं.

मग स्नेहसंमेलन आलं. सगळा वर्ग नाचणार आणि रेवा झाड होऊन मागे उभी राहणार, असं ठरलं. "पोट्टी चालते हो," वन्सं म्हणाल्या, "झाड चालतं का?" उत्तर मिळालं की नाचाची लय बिघडेल. संमेलनाच्या दिवशी नाच सुरू झाला आणि वन्संनी विंगेत रेवाच्या अंगावरच्या पुठ्ठ्याच्या फांद्या सरळ उपटून टाकल्या. रेवा वॉकर घेऊन निघाली. ती रंगमंचाच्या मध्यावर पोहोचली तोवर गाणं संपलं होतं. ती चालतच राहिली. समोर पाहुण्यांनी रुमाल काढले. तेवढ्यात विंगेतून वन्सं कडाडल्या, "रडायला काय झालं? नाच चालू आहे अजून!" रेवाने एक हात सोडून वर केला, बोटं नाचवली आणि हसली. मग मागची पोरंही नाचू लागली, गाण्याशिवायच.

दुसऱ्या दिवशी वन्संना शाळेत बंदी झाली. कारण, पाहुण्यांचा अपमान. आम्ही मुख्याध्यापिकांकडे जाऊन भांडलो आणि "मुलीच्याच भल्यासाठी" हे वाक्य ऐकून परत आलो. पार नामपल्लीपर्यंतच्या शाळा पालथ्या घातल्या. काही ठिकाणी जागा भरलेल्या होत्या, काही ठिकाणी रेवाचा वॉकर बघून भरल्या.

रेवा तिथेच राहिली. आता शाळेनेच सुचवलेली प्रशिक्षित मदतनीस आहे. गोड बोलणारी, शांत मुलगी. दप्तर तीच भरते, फळ्यावरचं तीच उतरवून घेते, रेवाच्या वतीने "हो, समजलं" तीच म्हणते. शाळा खूश आहे. नव्या माहितीपत्रकावर दोघींचा हसरा फोटो छापलाय.

परवाच्या रविवारी वन्सं रेवाची वेणी घालत होत्या. नवी ताई कशी आहे, म्हणून त्यांनी विचारलं.

"चांगली आहे," रेवा एकेक शब्द जुळवत म्हणाली. "आत्या, आता मला वर्गात कुणीच रागवत नाही."

वन्संचा हात थांबला. आता शाळेचा तिन्ही भाषांत उद्धार होणार, म्हणून मी वाट पाहत राहिले. पण त्यांनी केसांतला गुंता बोटांनी सोडवला आणि वेणी पुन्हा घालायला घेतली, हळूहळू, ती लवकर संपूच नये अशी.