लसीकरणाला नेलेली सुरमई

माझ्या बायकोने एकदा आदिवासी वाडीवर लसीकरणाला सुरमई नेली. नेली म्हणजे, मीच दिली.

रोझी उपकेंद्रात नर्स आहे आणि मी कोर्लई ते काशीद मिनीडोर चालवतो. (सहा आसनी रिक्षा. आसनं सहा, माणसं देवाच्या इच्छेनुसार.) देवावर श्रद्धा आम्हा दोघांची आहे. पण माझी रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते आणि रोझीची रोज ड्युटीवर. सुई टोचण्याआधी ती क्षणभर डोळे मिटते. ते बघून पोरांच्या आया जरा घाबरतात.

"कामाच्या गडबडीत देवाला कशाला त्रास देतेस?" मी एकदा म्हटलं.

"मी कामावर असते तेव्हा तो काय सुट्टीवर असतो?" ती म्हणाली.

त्या दिवशी माझ्या गाडीत मागे दोन निळे डबे होते. एकात बर्फाच्या पट्ट्या लावून ठेवलेली लस, दुसऱ्यात बर्फात घातलेली सुरमई. सुरमई भावाने काशीदच्या एका रिसॉर्टसाठी दिली होती. वाडीच्या टेकडीच्या पायथ्याशी रोझी उतरली. मी मोठ्या रुबाबात डबा तिच्या खांद्याला लावून दिला आणि निघालो. वासावरून तिला शंका यायला हवी होती, पण आमच्या गाडीत बसल्यावर सगळ्याच गोष्टींना म्हावऱ्याचा वास येतो.

रिसॉर्टवर आचारी नव्हता. स्कूटर पंक्चर झाली म्हणून तो वाटेत अडकला होता आणि स्वयंपाकघराची चावी त्याच्याच खिशात. मी त्याच्या नावाने भरपूर बडबडलो, डबा वॉचमनकाकांच्या हवाली केला आणि टपरीवर चहा घ्यायला थांबलो. तेवढ्यात रोझीचा फोन.

"अंतोन, माझ्या डब्यात सुरमई आहे."

चहा माझ्या नाकात गेला.

"आता गं?"

"आता तू लस घेऊन ये. डबा उघडू देऊ नकोस. आणि गाडी हळू चालव."

फोनवर तिच्या मागून एका बाईचा आवाज आला, "ताई, या टायमाला इंजेक्शनच्या जागी म्हावरा देतंय व्हय सरकार? आमची काय ना न्हाय." मग बायकांचं हसणं.

मला मात्र घाम फुटला. त्या बाया दिवसाची मजुरी सोडून, तान्ही पोरं काखेत घेऊन आल्या होत्या. आज रिकाम्या हाताने परतल्या, तर पुढच्या वेळी कोण येणार? रोझीला वरून बोलणी बसणार, तीही माझ्यामुळे. गाडी वळवली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळेत प्रार्थना केली. सवय नसल्यामुळे ती 'बाबा रे, वाचव' एवढीच झाली.

फाटकाशी काका निवांत बसले होते.

"काका, डबा?"

"पाण्याच्या टाकीखाली गारव्याला ठेवलाय. आचाऱ्याचा फोन होता, आल्या आल्या फ्रीजरात टाकतो म्हणाला. पण त्याचा पत्ता न्हाय अजून."

मी सुरमई नंतर आणतो असं सांगून डबा उचलला आणि टेकडी धापा टाकत चढलो.

वाडीवर मला भांडण, रडारड, निदान चार शिव्या तरी अपेक्षित होत्या. तिथे रोझी आंब्याखाली पोरांची वजनं करत होती. एका अशक्त पोरीच्या आईला पेज कशी द्यायची ते समजावत होती. एकही बाई उठून गेली नव्हती. रोझीने डबा उघडला, बर्फ चाचपला, बाटल्यांवरची, लस तापली की रंग बदलणारी खूण बघितली आणि हसली.

"चांगली आहे. फ्रीजरमध्ये गेली असती तर गोठून वाया गेली असती."

ज्या पंक्चरला मी शिव्या घातल्या, त्यानेच लस वाचवली होती. रोझीने डोळे मिटले. या वेळी मीही मिटले. उघडले तेव्हा पहिलं पोर टोचून झालं होतं आणि माझ्या कानाशी बोंबलत होतं.

रविवारी प्रार्थना गटात रोझीने साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आचाऱ्याच्या पंक्चरसाठी, वॉचमनकाकांसाठी, थांबलेल्या आयांसाठी, अगदी पाण्याच्या टाकीसाठीही तिने देवाचे आभार मानले. मी मान ताठ करून माझ्या नावाची वाट बघत बसलो. ते आलंच नाही.

घरी येताना मी विचारलं, "टेकडी धावत चढलो त्याचं काहीच नाही?"

"तुझं नाव रोज घेते मी," ती म्हणाली. "पण ते आभारांत येत नाही रे, संकटांत येतं."