व्याज उतरेपर्यंत

बातमी कळली तेव्हा मी मेसमध्ये जेवत होतो. एम.कॉम.साठी अमरावतीला आल्यापासून माझे फोन हॉस्टेलसमोरच्या एसटीडी बूथवर येतात. बूथवाल्याने ताटावरून उठवून नेले. फोनवर शब्बीरचाचांचे जावई होते. "अब्बा गेले," एवढेच म्हणाले. त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क आहे का, हे अजूनही नीट ठरवता येत नाही... पण न लिहिता राहवतही नाही.

शब्बीरचाचा पिंजारी होते. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचे दोन खोल्यांचे घर. वरच्या पत्र्याच्या खोलीत मी बी.कॉम.ची तीन वर्षे भाड्याने राहिलो. खाली पुढच्या खोलीत चाचा रुई पिंजत आणि गाद्या भरत, मागच्या खोलीत चाची स्वयंपाक करत. मध्ये दार नव्हते, एक जुनी चादर टांगलेली होती आणि रुई त्या चादरीला जुमानत नसे. वरणावर रुई, पाण्याच्या ग्लासात रुई, चाचांच्या भुवयांवर रुई. त्या घरात ताट समोर आले की आधी त्यावर फुंकर मारायची आणि मग पहिला घास घ्यायचा. पाहुणेसुद्धा तसेच करत. चाचा गिऱ्हाइकासमोर रुई तोलल्याशिवाय गादी भरत नसत. रुई महागली तेव्हा काही जण गादीत जुनी रुई मिसळू लागले. चाचांनी ते केले नाही आणि मजुरीही वाढवली नाही, कारण वाढवून मागायची कोणाकडे? आमच्या गावाकडची, हिवरखेडकडची लग्ने त्या वर्षांत नापिकीमुळे पुढे ढकलली जात होती, आणि लग्न पुढे गेले की गादीही पुढे जायची.

खोकला मी राहायला गेलो तेव्हापासून होताच. डॉक्टरांनी सांगितले की रुईचे काम घराबाहेर न्या, नाहीतर छाती टिकणार नाही. मोर्णा नदीच्या पुलापलीकडे नवे कॉम्प्लेक्स उभे राहत होते. तिथला एक मागचा गाळा चाचांनी पाहून ठेवला. सुरुवातीला भरायची रक्कम मुदत ठेवीत होती, बाकीचे कर्ज द्यायला बँक तयार होती. सहीचे कागद घरी आले त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे असेल, पुस्तकात आणि पेपरात छापलेले मला फार खरे वाटायचे. व्याजदर उतरत आहेत, अजून उतरतील, असे रोज छापून येत होते. या कर्जाचा दर मात्र एकदा सही झाली की शेवटपर्यंत तोच राहणार होता. मी म्हणालो, "चाचा, सहा महिने थांबा. आज सही केली तर जास्तीच्या व्याजात अडकाल."

चादरीमागून चाची म्हणाल्या, "आन् छातीले कोन सांगन, थांब म्हनून?"

चाचा हसले. "आपला बँकवाला सांगून रायला ना. शिकलेल्याचं ऐकावं मानसानं." मला ते बँकवालाच म्हणत. कागद परत गेले.

व्याज खरोखर उतरले. मी पेपर घेऊन धावत जिना उतरलो होतो, ते आठवले की आज लाज वाटते. कारण स्वस्त कर्ज फक्त चाचांसाठी नव्हते. ज्यांना दुकान चालवायचे नव्हते तेही भाव वाढेल म्हणून गाळे घेऊ लागले, आणि भाव वाढलाच. व्याज उतरल्यामुळे हप्ता होता तेवढाच राहिला, सुरुवातीची रक्कम मात्र चाचांच्या हाताबाहेर गेली. इकडे ठेवीचे व्याजही उतरले. मी म्हणायचो, अजून थोडे थांबा, भाव खाली येतील. दर शुक्रवारी नमाजानंतर चाचा पूल ओलांडून गाळा पाहून येत आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून दम खात. एकदा मी त्यांना पुस्तक दाखवले. इतर परिस्थिती स्थिर असताना व्याजदर घटले की कर्ज घेणे परवडते, असे त्यात होते. त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावले.

"हे इतर परिस्थिती मंजे काय रे?"

मी म्हणालो, बाकीचे सगळे. भाव, लोकांची कमाई...

"आन् मी? मी बी स्थिरच का?" ते हसायला लागले आणि ते हसू खोकल्यात गेले.

मग डाळ, तेल, रॉकेल सगळेच महागले. महागाई आवरायची म्हणून व्याजदर पुन्हा चढले, शेअर बाजार पडल्याच्या बातम्या आल्या. हे एकामागून एक का घडते, ते मी कोणालाही समजावून सांगू शकलो असतो. चाचांची वाट मात्र तिन्ही बाजूंनी बंद झाली. गाळा महाग होता, कर्ज महाग झाले आणि ठेव औषधांसाठी मोडली. त्याच वर्षी परीक्षेत व्याजदर कपातीच्या परिणामांवर प्रश्न आला. मी छान उत्तर लिहिले. पहिला वर्ग मिळाला.

राग येतो, पण कोणावर काढावा ते कळत नाही. दर उतरवणाऱ्यांचे कारण बरोबर होते, चढवणाऱ्यांचेही बरोबर होते. पुस्तकही तसे खोटे नव्हते. बरोबर उत्तरांच्या मधोमध एक माणूस खोकत बसला होता आणि त्याला थांबा म्हणणारा मी होतो.

मातीला मला पोहोचता आले नाही. चार दिवसांनी गेलो. पुढची खोली धुऊन काढलेली होती, पिंजण आणि तराजू जावयाने कोणाला तरी देऊन टाकले होते. मधली चादरही नव्हती. मी चाचींना म्हणालो, "मीच थांबा म्हणालो होतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"जेव आधी," म्हणाल्या.

दोन ताटे वाढून त्या समोर बसल्या. खिडकीतून ऊन येत होते आणि त्या उन्हात एकही तंतू तरंगत नव्हता. आम्ही दोघांनी ताटावर फुंकर मारली... आणि मग कितीतरी वेळ कोणीच घास उचलला नाही.