रस्त्याकडचं वावर

आमदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पांढरी गाडी, मागंपुढं चार पोरं आणि गळ्यात हार येतात. लिंगराज आप्पांच्या वाट्याला गाडी आली, हारही आले. पण त्या हारांखाली मान कशी आखडून गेलीय ते कोण बघणार? पासष्टी गाठलेला माणूस. पाथरीला खत-बियाणांचं दुकान होतं. ते चालवता चालवता लोकांची भांडणं सोडवायला लागले, सरपंच झाले, जिल्हा परिषदेत गेले आणि दोन मोठ्यांच्या भांडणात तिकीट यांच्या पदरात पडलं म्हणून विधानसभेत जाऊन बसले. तिथं बसणारे पुष्कळ असतात. आप्पा उठून बोलायचे. पीकविमा, जळालेली रोहित्रं, गायरान कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी करा, गावाला दवाखाना द्या. अध्यक्ष 'बसा, बसा' म्हणून थकायचे. घरी आले की मात्र बायकोनं, गौराबाईंनी, दोनदा हाक मारली तरी नुसतं 'हूं'.

"तिकडं सगळ्या मुंबईला ऐकू जातंय आन् घरात जीभ उचलंना," गौराबाई म्हणायच्या. खोटं काय होतं त्यात?

त्यांचं एक भाषण फोनोफोनी फिरलं. मतदारसंघातल्या कवठजवळ्याला कडूबाई नावाची विधवा गायरानातला तुकडा कसून खाते. तिची सून बाळंतपणाला परभणीला नेताना जीपमध्येच गेली. लेकरू तेवढं वाचलं. कार्यकर्त्यानं फोनवर ही बातमी दिली आणि आप्पांनी ती भर सभागृहात सांगितली. "दवाखाना लांब, म्हणून माझ्या मतदारसंघातली लेक रस्त्यावर मेली," म्हणताना आवाज फाटला त्यांचा. नाटक नव्हतं ते. विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली. वर्ष सरायच्या आत कवठजवळ्याला ग्रामीण रुग्णालय मंजूर झालं.

आता सुखानं झोपावं की नाही माणसानं? पण नशीब म्हणजे असं बेणं, एका हातानं देतं आणि दुसऱ्यानं कान पिळतं. सरकारी जागा कुठली, तर गायरान. आणि त्या गायरानातला रस्त्याला लागून असलेला, सपाट, पाण्याच्या जवळचा तुकडा कुणाचा, तर कडूबाईचा. तहसीलदारांनी सांगून टाकलं, "साहेब, आठवडाभरात जागा दाखवली नाही तर मंजुरी दुसऱ्या तालुक्याला जाते." प्रत्येक सभेत आप्पांनी ओरडून सांगितलं होतं, गायरान तुमचंच होणार, आणि दवाखानाही होणार. एकाच तोंडानं दिलेली दोन वचनं एकाच जमिनीवर येऊन उभी राहिली.

आप्पा कुणातरी पोराला पाठवणार होते सांगायला. गौराबाईंनी अडवलं. "तिच्या सुनंचं सांगून बाकं वाजवून घेतली तुमी. आता तुमीच जा."

गेले. वाटेत फोनला खळ नाही. पिंगळीचं रोहित्र, पोखर्णीच्या कुणाला तरी परभणीच्या दवाखान्यात खाट पाहिजे, कुणाचं वारसाचं काम अडलंय. "हो, बोलतो. हो, बोलतो," करत आप्पांनी कपाळ काचेला टेकवलं. शेवटी गाडी चालवणारा गोपाळच म्हणाला, "आप्पा, फोन इकडं द्या. तुमी बेजार दिसायलात." आप्पांनी लेकरासारखा फोन देऊन टाकला.

कवठजवळ्यात वेगळाच प्रकार. कडूबाईला वाटलं, आप्पा जमिनीचा कागद घेऊन आले. झोळीतल्या नातवाला झोका देता देता ती उठली, चहा टाकला, शेजारच्यांना हाका मारल्या. कुणीतरी पळत जाऊन शाल आणि नारळ आणला. झालं! अंगावर शाल, हातात नारळ आणि पोटात ती बातमी घेऊन आप्पा बाजेवर बसले. चहा निवून गेला. मग एकदाचं त्यांनी सांगितलं.

झोका थांबला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कडूबाई रडली नाही की ओरडली नाही.

"म्हंजी दवाखाना माझ्या वावरात?"

"पाहिजे तर मोजणी थांबवतो," आप्पा म्हणाले.

"थांबवली तर दवाखाना जातोय ना?"

"जातोय."

"मंग कशाला थांबवायलात? मला दोन्ही पाहिजे. तुमीच म्हनले व्हते, दोन्ही देतो."

इथं आप्पांचा तोल गेला. "तुमच्यासाठी घसा फोडून घेतो मी! रक्तदाबाच्या गोळ्या खाऊन उभा राहतो तिथं! आणखी काय करावं माणसानं?"

"आप्पा," कडूबाई शांतपणे म्हणाली, "सून माझी गेली. वावरबी माझंच जानार. मंग तुमचं काय गेलं?"

मुंबईत कुणाचं न ऐकणारा माणूस बाजेची दोरी चाचपत बसला.

"तुमचं रस्त्याकडचं वावर हाय की," ती म्हणाली. "इथून हाकेच्या अंतरावर."

"तिथं आईला माती दिलीय, कडूबाई."

"असंल. मायला कोन उठवा म्हनतंय? पन माय कोपऱ्यात हाय का सगळ्या वावरात निजली?"

आप्पा उठले. शाल तशीच अंगावर. गोपाळला म्हणाले, वावराकडं घे.

त्यांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात आणि वर समाधी बांधतात. आईची समाधी कोपऱ्यात, लिंबाखाली होती. आप्पा तिच्याजवळ मातीत बसले. दमलेल्या माणसाला निदान स्वतःशी खोटं बोलायचा कंटाळा येतो. आई कोपऱ्यातच होती. बाकीच्या वावरात होता तो श्रीशैलचा पेट्रोल पंप, अजून न बांधलेला. पुण्यातल्या नोकरीला विटलेला त्यांचा पोरगा दोन वर्षं त्याच पंपाची स्वप्नं बघत होता, आणि आप्पांनाही तो हवा होता. आपण आईच्या पदराआड लपलो, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि लाज वाटली. चांगलीच वाटली.

श्रीशैलला फोन लावला, वावर दवाखान्याला देतोय म्हणून सांगितलं. "बाबा, तुमाला येड लागलंय का?" एवढंच बोलून त्यानं फोन कापला. मग गौराबाईंना लावला.

"पोरगं वर्षभर बोलनार न्हाई तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या.

"न बोलू दे. तेवढाच एक फोन कमी."

"समाधीला कुंपन घालून घ्या आधी," त्या म्हणाल्या, आणि आप्पांनी तहसीलदारांना कळवलं की दानपत्राचे कागद करा.

मोजणीच्या दिवशी गाव लोटलं. हलगी वाजली, पेढे वाटले, पोरांनी आप्पांना खांद्यावर घ्यायचा बेत केला, तो त्यांनी गुडघा दाखवून मोडला. नजर मात्र गर्दीत फिरत होती. कडूबाई येईल, दोन बरे शब्द बोलेल, एवढी आशा होती. माणूसच आहे, एवढं द्यायचं आणि कुणी 'बरं केलं' म्हणू नये, हे सोसत नाही कुणाला.

कडूबाई आली. नातू कडेवर. चुन्याच्या रेघा तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या.

"आप्पा, डाक्टर कवा येनार?"

आप्पांना हसू आलं. "अगं, आधी इमारत तर होऊ दे!"

"इमारत व्हती की." तिनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "सुनंला आमी आधी जवळच्याच दवाखान्यात नेलं व्हतं. रंग दिलेला, लाईट लागलेली, खाटबी व्हती. डाक्टर तेवढा नव्हता. वाट बघितली, बघितली, मंग परभनीला निघालो. तवर उशीर झाल्ता."

हलगी वाजतच होती. आप्पांनी हात वर करून ती थांबवली.

"हे मला कुणी सांगितलं नाही, कडूबाई."

"तुमी कुठं इचारलं? तुमी बोलायले व्हते."

आप्पांचा चेहरा उतरला. जमलेली माणसं भाषणाची वाट बघत होती, कुणीतरी माईक पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला, गुडघ्यावर हात टेकत बांधावर बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."