कापसाच्या खोलीतला हात

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधी अंगावर काटा येणारे आणि शेवटी तुम्ही मलाच हसणार, हे मला पक्कं ठाऊक हाये. चहा घ्या आधी. आमची लता बघा, ही गोष्ट सुरू झाली की स्वयंपाकघराच्या दाराआड येऊन उभी राहती. कुठं चुकलो की लगेच दुरुस्ती!

तर आमचं गाव जाफराबाद तालुक्यातलं, कापसाचं. वेचणी सुरू झाली की घराची पुढली खोली कापसानं भरती, पार आढ्यापर्यंत. भाव येईस्तोवर कापूस तिथंच. तुम्ही कधी कापसानं भरलेल्या खोलीत एकटे उभे राह्यलात का? राहून बघा एकदा. आवाजच न्हाई! आपण बोललेलं माघारी येत न्हाई, टाळी वाजवली तरी जाग्यावरच मरती. लहानपणी मी त्या खोलीत एकटा जात नव्हतो. मोठेपणीचं जाऊ द्या.

त्या साली लता बाळंतपणाला अंबडला, माहेरी गेल्ती. पोरगी झाली. दीड महिना होत आला तरी मी पोरीला दोनदाच बघितलं होतं, तेही दोन्ही वेळा झोपलेली. डोळे कसे हायेत तेसुद्धा माहीत न्हाई, बोला! आणि मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा निरोप आला. मामा फौजेतून रिटायर झालेले, बोलणं एकदम कडक. "पोरीला आणि नातीला घेऊन येतो. पण माझी नात कापसाच्या धुरळ्यात झोपणार न्हाई. खोली मोकळी दिसली न्हाई तर आल्या जीपनं दोघींना माघारी नेईन. मंग उन्हाळा सरल्यावर बघू."

उन्हाळा सरल्यावर! तवर तर पोरगी बसायला लागली असती, आणि मला बघून रडली असती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? टोपल्या घेतल्या असत्या, चार गडी लावले असते, कापूस मागच्या शेडमधी नेला असता. माय तेच म्हणत होती. पण मी म्हणजे सायन्सवाला माणूस! शेडच्या फाटकाला लोखंड आणायला जालन्याला गेल्तो, तिथं भंगारच्या आवारात माझ्या डोक्यात किडा वळवळला.

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांसाठी भंगार कुठून कुठून येतं, देशाबाहेरूनसुद्धा. त्या ढिगात दोन यंत्रं पडली होती. एक पेट्रोलवालं, पण त्याचं इंजिन काढलेलं. दुसरं लाइटीवरचं, निळं, वायरीसकट. खाली दोन चाकं, पुढं रबराचे पंखे, वर हत्तीच्या सोंडेगत वाकडं तोंड. आणि बाजूला चिकटवलेलं एक चित्र. चित्रात माणूस यंत्र ढकलतोय, पुढं पांढराशुभ्र ढीग, आणि सोंडेतून पांढरं पांढरं लांब उडतंय.

मी तर नाचायचाच बाकी होतो. "भाई, हे तर कापूस उडवायचं यंत्र!"

भंगारवाला भाई दाढी खाजवत म्हणला, "साब, वो आदमी इतना मोटा कोट काहे को पहना है? टोपी भी है."

"वेचणी थंडीत असती ना भाई! सकाळच्याला गारठा असतो."

"बराबर," भाई म्हणला. त्याला काय, किलोच्या भावात विकायचं होतं.

एक गोष्ट मात्र मला तिथंच खटकली. यंत्राच्या दांडीवर एक हातमोजा होता. एकच. जाडजूड, काळा, वाळून कडक झालेला. आणि त्याची बोटं दांडीभोवती आवळलेली, कुणी घट्ट धरून बसल्यागत. भाईनं तो ओढून काढला तर बोटं तशीच वाकडी राह्यली.

घरी आणल्यावर मायनं तो मोजा बघितला आणि दोन पावलं मागं सरली. "रंग्या, मेल्या माणसाचा हात हाये ह्यो. नदीत सोडून ये."

"माय, चामडं हाये ते चामडं! तू पण ना!" मी ऐटीत तो मोजा कापसाच्या खोलीतल्या खुंटीला अडकवला. खरं सांगू? अडकवताना माझ्या मानेवरून काहीतरी सरकल्यागत झालं. पण बोललो न्हाई. सायन्सवाला ना मी!

पाव्हणे यायच्या दिवशी सकाळी अर्धी गल्ली जमली. यंत्राची पिन आपल्या बोर्डात बसंना, म्हणून ती कापून वायरी उघड्या केल्या आणि आगपेटीच्या काड्या खोचून बसवल्या. मंग मी भाषण दिलं. "बघा लोकहो, ही दांडी. ही दाबून धरली तरच यंत्र चालतं. हात सोडला की खलास! माणसाशिवाय हे यंत्र एक क्षण चालणार न्हाई. ह्याला म्हणतात फॉरेनचं डोकं!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. गल्लीनं तर ठेवलंच.

यंत्राची सोंड खिडकीकडं केली, खिडकीबाहेर अंगणात ताडपत्री टाकली आणि दांडी दाबली. घुर्रर्र! खिडकीच्या गजांतून कापूस असा उडाला की पोरं नाचायला लागली! मधीच पंख्याला कापूस गुंडाळायचा, मी तो काढायचो, पुन्हा घुर्रर्र. दिवस कलला. लोकं कंटाळून घरी गेली. अर्धा ढीग बाहेर, अर्धा आत. दांडी धरून धरून माझी बोटं बधिर. तेवढ्यात लाइट गेली.

त्या दिवसांत लाइट म्हणजे पाव्हणीच होती. मी बाहेर येऊन टेकतोय तर वेशीवर जीपचा हॉर्न! मामा ठरल्यापेक्षा लवकर आल्ते. मी खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि तसाच कापसानं माखलेला, एका हातानं पायजमा धरून अंगणात पळालो.

"पायजमा कशाला धरलास?" माय पुटपुटली.

"पोटात दुखतंय," मी म्हणलो.

दिवेलागणीची वेळ. लता उंबऱ्याबाहेर उभी, छातीशी पोरगी, टोपड्यातून फक्त नाक दिसत होतं. मामा बाजूला, अंगणातला कापूस आणि बंद दार यांच्याकडं आळीपाळीनं बघून राह्यलेले. माय भाकरतुकडा ओवाळायला लागली. सगळं शांत. वारा न्हाई, कुत्रं न्हाई.

आणि बंद खोलीत कुणीतरी गुरगुरलं.

मायचा हात हवेतच थांबला. कापसाच्या मागून येणारा आवाज तो, दबलेला, उशीखालून यावा तसा. खिडकीच्या गजांतून एक पांढरा गोळा बाहेर आला, सावकाश तरंगला आणि मामांच्या टोपीवर येऊन बसला.

"आत कोण हाये?" मामांनी विचारलं.

"कुणीच न्हाई," मी म्हणलो. "कडी बाहेरून हाये, मामा."

"मंग यंत्र कसं चालतंय? तुमच्या शेजाऱ्यानं वेशीवरच सांगितलं आम्हाला, माणसानं दांडी धरल्याशिवाय ते चालत न्हाई म्हणून."

अहो, माझंच भाषण! मंग तो आवाज सरकायला लागला. आधी भिंतीकडं होता, तो हळूहळू दाराकडं आला. थांबला. पुन्हा आला. आणि आतून दारावर धक्का. धड! पुन्हा धड! बाहेरची कडी उडायला लागली. मायनं भाकरतुकड्याचं ताट खाली ठेवलं आणि देवाचं नाव घ्यायला लागली.

मामा फौजी माणूस. छाती काढून खिडकीपाशी गेले आणि आत डोकावले. मंग वळले तर चेहरा पांढरा, कापसामुळं न्हाई. "हात हाये," म्हणले. "काळा हात. दांडी धरून बसलाय. हाताच्या मागं माणूसच न्हाई."

एवढं बोलून मामा ताठ चालत गेले आणि जीपमधी जाऊन बसले. दार लावून घेतलं. "लता, पोरीला घेऊन बस! जल्दी! ह्या घरात माझी नात राहणार न्हाई, उन्हाळा सरल्यावरसुद्धा न्हाई!"

माझी पोरगी चालली हो! उंबऱ्यावरून चालली! मी तिला एकदाही हातात घेतली नव्हती. आता मी काय केलं असंल? दार फोडून आत घुसलो? न्हाई. मी लताच्या मागं लपलो. दीड महिन्याच्या बाळंतिणीच्या मागं, एका हातानं पायजमा धरून!

लतानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. खाली पायजम्याकडं बघितलं. मंग शांतपणे म्हणली, "अहो, भुताला लाइट लागती का?"

"म्हणजे?"

"समोरच्या घरातला बल्ब लागलाय बघा. लाइट आली तशी हे सुरू झालं. घ्या, पोरीला धरा."

आणि पोरगी माझ्या हातात! एक हात पोरीला, एक हात पायजम्याला. लतानं ओट्यावरचा मेन स्विच खाली ओढला. गुरगुर थांबली. कडी काढून ती आत गेली. मी डोळे मिटले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात तो काळा मोजा होता आणि दुसऱ्या हातात लांबलचक लोंबणारी निळ्या पट्ट्याची नाडी.

"ही नाडी मीच ओवली होती," ती म्हणली, "तुमच्या पायजम्यात."

आता तुम्हाला सांगायचं राह्यलं होतं ते ऐका. बोटं बधिर झाली तेव्हा मला युक्ती सुचली. दांडी दाबून बांधून टाकायची! सुतळी सापडंना, मंग नाडी काढली. नाडी दांडीच्या धारेला कापायला लागली, म्हणून नाडीखाली खुंटीवरचा मोजा घातला आणि वरून करकचून गाठ मारली. यंत्र एकटं चालायला लागलं, मी खूश झालो, आणि तेवढ्यात लाइट गेली. म्हणाल, एवढं कसं विसरला? अहो, घाबरल्यावर माणूस स्वतःचं नाव विसरतो, नाडीचं काय घेऊन बसलात! लाइट आल्यावर यंत्र आपल्याच पंख्यांच्या जोरावर रांगत दारापर्यंत आल्तं.

मामा जीपमधून उतरले. चष्मा लावून त्यांनी यंत्रावरचं चित्र नीट बघितलं. "जावईबापू, हा कापूस न्हाई. बर्फ हाये. कश्मीरात आमच्या चौकीपुढं असाच साचायचा, आम्ही फावड्यानं काढायचो." मंग खाकरून म्हणले, "आणि मी काही घाबरलो नव्हतो. जीपमधी माझी पिशवी राह्यली होती."

मी पोरीकडं बघत होतो. एवढ्या गोंधळात ती जागी झाल्ती. टपोरे डोळे, अगदी आईसारखे, आणि माझ्याकडं एकटक बघून राह्यलेली. रडली न्हाई.

लता राह्यली. बसली ओट्यावर पोरीला घेऊन, आणि उरलेला कापूस मी टोपलीनं शेडमधी नेला. एकट्यानं. सगळा.

ती पोरगी आता बारावीला हाये, सायन्सलाच. घरी लाइट गेली की दुसऱ्यांची पोरं मेणबत्ती शोधतात. आमची आतल्या खोलीतून ओरडती, "बाबा, आधी बघा, नाडी जाग्यावर हाये ना?"