भाऊंचं माझ्याविरुद्धचं मत

भाऊ कुणाचंही भाषण डोळे मिटून ऐकत. नव्या माणसाला वाटे, म्हातारा झोपला. भाषण संपलं की ते तसेच, डोळे न उघडता विचारत, "बरं, पण करायचं काय, ते सांगितलंच नाय की!"

आमचा पक्ष लहान, जुन्या वळणाचा. पडेगावात एका दुकानाच्या माडीवर कार्यालय. शाळेतून निवृत्त झालेले भाऊ तिथले सगळ्यांत जुने कार्यकर्ते. स्वतः कधी पद घेतलं नाही, पण ते ज्याच्या बाजूने, त्याचं पारडं जड.

जिल्हाध्यक्षांनी आजारपणामुळे पद सोडलं आणि दोघे उभे राहिलो: बिडकीनचे दिगंबरराव आणि कॉलेजात शिकवणारी मी. मला पक्षात भाऊंनीच आणलं होतं. त्यामुळे त्यांचं मत मी गृहीतच धरलं होतं.

भाऊ दोघांच्याही सभांना आले. लासूर स्टेशनला एक अडत्या उठून म्हणाला, "तुमचा पक्ष संपलाय, ताई." मी असं काही उत्तर दिलं की सभा खदाखदा हसली. तो खाली मान घालून निघून गेला. बिडकीनला दिगंबररावांनाही एकाने भरसभेत सुनावलं. सभा संपल्यावर ते त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि तासभर त्याचं ऐकत राहिले.

मतदानाच्या आदल्या सकाळी भाऊ घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "उद्या मी दिगंबरला मत देणार. दुसऱ्याकडनं कळू नये, म्हून आलो."

"मी कुठं कमी पडले, भाऊ?"

"बोलण्यात तो तुझ्या जवळपास नाय. पण लासूरचा तो माणूस आता आपल्याकडं यायचा नाय. आपण हावोत किती? अशी माणसं घालवून कसं भागंल?"

"मग मला पक्षात आणलंत कशाला?"

"तवा पण तुझ्याशी खरं तेच बोललो व्हतो, बाई, आन् आज पण तेच बोलतोय."

मी हरले. पुढे कित्येक महिने कार्यालयाची पायरी चढले नाही. भाऊ मात्र दर सोमवारी फोन करत. "राग हाय ना? ऱ्हाऊ दे. पण बैठकीला ये." मी फोन ठेवून देई.

शेवटी दिगंबरराव स्वतः आले. जिल्ह्याचं चिटणीसपद घ्या म्हणाले. मी होकार दिला आणि तो सांगायला भाऊंकडे गेले. ते अंथरुणाला खिळले होते. ऐकून इतके हसले, की खोकल्याची उबळ आली. "लई बेस केलंस," म्हणाले. त्यानंतर आठवड्याभरातच गेले.

मी भाऊंच्या घरी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्याविरुद्ध मत देऊन आले, त्या दिवशी जेवले नाहीत गं. 'पोरीला दुखवून आलो' एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले."

सोमवारच्या एकाही फोनवर त्यांनी मला हे कळू दिलं नव्हतं.